सिंधुदुर्गाला तास नको, एक ओहोटी द्या : सहली आणणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

सहली घेऊन मालवणला येणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की मालवणच्या बंदराकडे सहलीच्या एसटी गाड्या यायला लागतात. कोल्हापूर, सांगली, पुणे, कधी थेट मराठवाड्यातून. रात्रभराच्या प्रवासाने चुरगळलेली मुलं खाली उतरतात आणि समोर पाणी दिसलं की एकदम गप्प होतात, कारण त्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला असतो. तुम्ही शिट्टी वाजवता, रांगा लावता, डोकी मोजता. पालकांची संमतिपत्रं गोळा करून, आगारात खेपा घालून, एवढ्या लेकरांची जबाबदारी अंगावर घेऊन तुम्ही त्यांना इथवर आणता. हे सोपं काम नाही, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणून हे पत्र मी तुम्हाला लिहितो आहे. सरकारी खात्यांना निवेदनं पुष्कळ जातात. पण किल्ला मुलांच्या डोक्यात कसा शिरणार, हे तुम्ही ठरवता.

माझं मागणं एकच आहे. सिंधुदुर्ग किल्ला तासाभरात उरकू नका. त्याला एक पूर्ण ओहोटी द्या. म्हणजे पाणी भरलेलं असताना किल्ल्यात जा आणि ते उतरेपर्यंत त्याच्याच आसपास राहा.

सध्या जे होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आदल्या दिवशी गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी मालवण, तिसऱ्या दिवशी गोवा किंवा परतीची वाट. मालवणच्या वाट्याला जो वेळ येतो त्यातला मोठा हिस्सा तारकर्लीच्या वाळूत आणि पाण्यावरच्या खेळांत जातो. होडी किल्ल्याला लागते, तासाभरात परत या असं सांगितलं जातं आणि मुलं धावत सुटतात. दरवाजा, महाराजांच्या हातापायाचे ठसे, मंदिर, एखादी विहीर, सगळ्यांचा मिळून एक फोटो, आणि पुन्हा होडी. 48 एकरांचं बेट आणि जवळपास 3 किलोमीटरचा तट एवढ्या वेळात चालूनसुद्धा होत नाही, मग समजणार कधी? यात होडीवाल्यांना बोल लावू नये. त्यांनाही फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात. पण होडीत बसण्याआधीच बंदरावर बोलून घेतलंत, आम्हाला जास्त वेळ थांबायचं आहे असं स्पष्ट सांगितलंत, तर मार्ग निघू शकतो. ते बोलणं तुम्ही करायला हवं, मुलं करणार नाहीत.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. साहजिकच यापुढे सहली वाढतील. गर्दी वाढली की वेळ आणखी कापला जातो, म्हणून हे आताच बोललेलं बरं.

पहिली गोष्ट तारखेची. सहलीची तारीख आपण परीक्षा, सुट्ट्या आणि गाडीची उपलब्धता पाहून ठरवतो. त्यात एक भर घाला : तिथी पाहा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि रोजची वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, मिनिटाचा हिशेब नाही, पण सहल आखायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा दोन्ही बेताचं. आता त्रयोदशीचं गणित करा. सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती, दुपारी पावणेचारच्या सुमारास ओहोटी. शाळेच्या सहलीसाठी यापेक्षा चांगला दिवस नाही. सकाळी भरल्या पाण्यात किल्ला, दुपारी उतरत्या पाण्यात किनारा. चतुर्दशीही चालते, फक्त हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो हे लक्षात ठेवा. आणि हे गणित वर्गात मुलांनाच करायला सांगा. भूगोलाच्या पुस्तकातली भरती-ओहोटी त्यांना स्वतःच्या सहलीची वेळ ठरवायला वापरता आली, तर ती परीक्षेनंतरही विसरणार नाहीत.

आता होडीत बसल्यावर. माझी एक विनंती आहे : होडी सुटली की मुलांना गाणी म्हणू द्या, पण अर्ध्या वाटेवर एक प्रश्न विचारा, "दरवाजा कुठे आहे?" समोर आख्खा तट दिसत असतो, काळा, उंच, आणि दरवाजा दिसत नाही. मुलं बोटं दाखवतात, कुणी या बुरुजाकडे, कुणी त्या. होडी खडकांमधून वाट काढत जवळ येते तरी तट सलगच दिसतो. अगदी शेवटी दोन बुरुजांच्या मध्ये एक फट उघडते, वाट वळते, आणि वळल्यावर दरवाजा समोर येतो. या वळणात शत्रूला तोफ सरळ रोखता येत नाही, हत्तीने धडक द्यावी तर धावायला जागा नाही, आणि दोन्ही बाजूंच्या तटावरून मारा होतो. यालाच गोमुखी बांधणी म्हणतात. हा शब्द मुलांनी पाठ केलेला असतो. तो डोळ्यांनी बघायची संधी होडीतली ती काही मिनिटंच देतात, आणि नेमकी तेव्हा बहुतेक मुलं मोबाईलकडे बघत असतात.

दरवाजातून आत गेल्यावर घाई करू नका. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे छोट्या घुमट्यांमध्ये जपलेले आहेत, ते महाराजांचे असल्याचं परंपरा सांगते. तिथे रांग लागते, लागू द्या. पुढे शिवराजेश्वराचं, म्हणजे खुद्द शिवाजी महाराजांचं मंदिर, राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं. आतली मूर्ती आपण चित्रांत पाहतो तशी नाही, तिला दाढी नाही. मुलं लगेच विचारतात, हे महाराज असे कसे? या प्रश्नाला घाईने गप्प करू नका. दिवसभरातला तो सगळ्यात चांगला प्रश्न असू शकतो. आपल्या मनातली प्रतिमा कुठून आली, असं त्यांना उलट विचारा.

मग विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. बेटावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने वर राहतं, आणि तेवढ्या पाण्यावर शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, जगते. शत्रूने वेढा घातला तर तोफांच्या आधी पाणी संपतं, म्हणून जागा निवडताना पाणी पहिलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे दहा मिनिटं मागून घ्यावीत. तटात ठिकठिकाणी बांधलेले शौचकूपही मुलांना आवर्जून दाखवा. मुलं हसतील. हसून झालं की विचारा, एवढी माणसं बेटावर राहणार तर ही सोय कुणीतरी आधी विचार करूनच केली ना? मला स्वतःला या किल्ल्यात तोफांपेक्षा हे शौचकूप मोठे वाटतात.

आणि तटावर चढा. दगडी जिने जागोजागी आहेत. 30 फूट उंच, 12 फूट रुंद तटावरून थोडं तरी चाला, कठडा नाही तिथे मुलांना आतल्या बाजूने ठेवा. वरून एकीकडे मोकळा समुद्र, दुसरीकडे मालवण गाव. इतिहासाचा तास घ्यायचा तर इथे घ्या. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार. जमिनीवर कितीही किल्ले घेतले तरी पाण्यावर दुसऱ्यांचा परवाना चालत होता. अशा वेळी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि 1667 मध्ये पुरं झालं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले असं सांगतात. काम सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, 1665 च्या फेब्रुवारीत, महाराज मालवणहूनच जहाजांनी दक्षिणेला, आजच्या कर्नाटकातल्या बसरूरच्या स्वारीवर गेले. किल्ला पुरा व्हायची वाट न बघता बंदर वापरायला सुरुवात झाली होती. हे मुलांना तटावर उभं राहून ऐकू द्या.

पुढचंही सांगा. आपण मुलांना फक्त अजिंक्य एवढंच सांगून थांबतो. 1765 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकला होता, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही दिलं होतं. पुढच्याच वर्षी तो करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे परत आला, आणि 1812 मध्ये मालवण इंग्रजांकडे गेलं. आरमार दुबळं झालं की तट एकटा काय करणार, हा धडा त्यात आहे. आठवी-नववीच्या मुलांना तो पेलतो.

किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांची ती घरं आहेत, प्रदर्शन नव्हे. उघड्या दारातून आत डोकावू नये, अंगणातून धावू नये, एवढं मुलांना होडीत चढण्याआधीच सांगून ठेवा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून परत न्या. बेटावर कचरा उचलायला गाडी येत नाही.

किल्ल्यातून परत आलात की सहल संपली असं समजू नका. माझ्या मते खरी गंमत इथून सुरू होते. सिंधुदुर्ग एकटा नाही. त्याच्या भोवती तीन छोटे किल्ले आहेत आणि चौघे मिळून एकच रचना आहे. राजकोट गावाच्या कडेला, आता त्याचे अवशेष थोडे उरलेत, तिथे महाराजांचा पुतळा आहे, आणि समोरच्या सिंधुदुर्गावर तिथून चांगली नजर जाते. सर्जेकोट उत्तरेला, कोळंबच्या खाडीच्या मुखाशी. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांना आडोसा हवा, तो तिथे होता. आजही तिथे मच्छीमारी बंदर आहे, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी निवडलेली जागा अजून त्याच कामाला येते आहे. आणि पद्मगड, किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मध्ये. (मुरुडजवळचा पद्मदुर्ग वेगळा. सहलीच्या माहितीपत्रकांत या दोघांची कायम गल्लत होते, तेवढी दुरुस्त करून घ्या.)

दांडीच्या किनाऱ्याकडे मोरयाचा धोंडा आहे. एक साधा खडक, त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले. किल्ल्याचं काम सुरू करताना महाराजांनी इथे पूजा केली, असं मानतात. मुलांना त्याच्यापाशी बसवा आणि समोर बघायला सांगा. सकाळी ते ज्या तटावर उभे होते तो आता लांबून दिसतो, मध्ये पद्मगड, आणि मधलं पाणी हळूहळू उतरत असतं. सकाळी होडी जिथून गेली तिथले खडक आता डोकं वर काढतात. एकेक खडक वर येताना पाहिला की मुलांना आपोआप कळतं, मोठं जहाज इथे का शिरू शकत नव्हतं आणि वाट माहीत असलेल्या इथल्या कोळ्यांशिवाय हा किल्ला का उभा राहिला नसता. हे कुठल्याही फलकावर लिहून समजावता येत नाही. त्याला पाणी उतरावंच लागतं, आणि त्यासाठीच मी तुमच्याकडे वेळ मागतो आहे.

उधाणाची ओहोटी असेल तर पद्मगडापर्यंत पायी जाता येतं. इथे मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगतो : स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय एकाही मुलाला त्या वाटेवर पाऊल टाकू देऊ नका. वाट वाळूची आणि शेवाळलेल्या खडकांची आहे. पाणी वळलं की ते आधी मागून भरतं, पुढे बघत चालणाऱ्याला कळतही नाही. पाणी तळाला पोहोचायच्या आधी जायचं आणि वळायच्या आधी परत फिरायचं. सोबतचा माणूस "आज नको" म्हणाला, तर का असं विचारू नका, किनाऱ्यावरूनच पाहा. 2017 च्या एप्रिलमध्ये इथे वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. त्या दिवसाबद्दल बोलताना मालवणच्या माणसाचा आवाज अजूनही बदलतो. स्थानिकांनी नको सांगितलेल्या पाण्यात उतरू नये, पोहता येतं त्यानेही नाही. तलावात शिकलेलं पोहणं लाटेत आणि ओढीत उपयोगी पडत नाही.

मुक्काम असेल तर सकाळी मुलांना लवकर उठवून किनाऱ्यावर न्या. नशीब असेल तर रापण दिसेल. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून आलेले असतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत असतात, म्हातारी, तरुण, बायका, सगळी. दोर ओला, जाड, हात सोलवटणारा. मुलांनी विचारून हात लावला तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही. जाळं जवळ यायला वेळ लागतो, आणि शेवटच्या काही वावांत ओढणाऱ्यांचा वेग एकदम वाढतो. मग वाळूवर तारली, बांगडे, कधी नुसताच कचरा आणि जेलीफिश. मिळेल ते वाटून घ्यायचं, ही रापणीची रीत. इतिहास, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र तिथे एका दोराला बांधलेलं असतं.

पाण्यावरच्या खेळांना माझा विरोध नाही. मुलांनी मजा करावी, आणि त्या धंद्यावर इथली कितीतरी घरं चालतात. फक्त एक लक्षात असू द्या. सिंधुदुर्गाच्या भोवतालचा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. 29 चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्राचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूलाच आहे, कारण तिथे प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांची वसाहत असतो आणि पाय ठेवला की मरतो. स्नॉर्केलिंग करणार असाल तर मुलांना त्यावर उभं राहू देऊ नका, शिंपले-तारामासे खिशात घालू देऊ नका. या अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध केला होता, हेही त्यांना सांगा. मासा वाचवायचा आणि मासेमारही जगवायचा, हे कसं जमवावं? वरच्या वर्गांत यावर वाद घडवून आणा. दोन्ही बाजूंनी खरी माणसं आहेत.

वेळ उरलाच तर कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव आहे, 1530 सालचा. गावकऱ्यांनी बांधलेला आणि आजही वापरात असलेला. किल्ल्यातल्या विहिरी पाहून झाल्यावर तो पाहिला की पाण्याचा विषय पुरा होतो. तिथे मोठ्याने गाणी लावू नका, भगवतीच्या देवळाची शांतता आहे. मालवणच्या बाजारातून खाजं घ्या, दुपारी सोलकढी प्या. यापलीकडे ठिकाणांची यादी मी देत नाही. यादी लांबली की किल्ल्याचा वेळ पुन्हा कापला जातो.

तुमच्या अडचणी मला दिसतात. गाडीचं भाडं, मुक्कामाचा खर्च, शेवटच्या दिवशी वेळेत परत पोहोचायची घाई, आणि "एवढ्या पैशांत एकच ठिकाण?" असं विचारणारे पालक. त्या पालकांना सांगा की चार ठिकाणांची नावं घेण्यापेक्षा एक ठिकाण समजून घेतलेलं मूल जास्त काही घेऊन घरी येतं. गोवा पुढच्या वर्षी होईल. एका दिवसाची सहल असेल तर तारकर्ली सोडा, किल्ला सोडू नका.

या हंगामाचा सहलीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांकडे पाठवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधल्या त्रयोदशी-चतुर्दशींवर खुणा करा. त्यांतले शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा वगळा, तेव्हा बंदरावर उभं राहायला जागा नसते. उरलेल्या तारखांतली एक धरा. सकाळी साडेनऊपर्यंत बंदरावर या, दुपारी एकपर्यंत किल्ल्यात राहा, जेवून दांडीच्या किनाऱ्यावर चला. मुलं जास्त असतील तर दोन तुकड्या करा, एक किल्ल्यात असताना दुसरी राजकोट आणि बाजार पाहील. पद्मगडासाठी सोबतीचा माणूस आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, बंदरावर किंवा दांडीला विचारलंत तर कुणीही सांगेल.

आपला,
बंदराजवळ राहणारा एक मालवणकर